स्विंडनची निवडणूक: मत द्यायचं की गप्प बसायचं?

वाटसरू (धागाकर्ता)

२ मे २०२४ ला इंग्लंडमधल्या आमच्या स्विंडनमध्ये कौन्सिलची (म्हणजे इथल्या नगरपालिकेची) निवडणूक झाली. मत देऊन आलो, असं मी दुसऱ्या धाग्यावर सहज लिहिलं, तर 'दोन दिवसांचा पाहुणा' यांनी हे ऐकवलं:

"व्हिसावर आलेल्या माणसाने इथल्या गल्लीतल्या राजकारणात मत देणं म्हणजे लग्नाला आलेल्या पाहुण्याने घरच्या वाटणीत तोंड घालणं. आज स्विंडन, उद्या टोरांटो. कचऱ्याची बिन वेळेवर उचलली जाते ना? मग निवडून कोण का येईना."

दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण डोकं सटकलं, म्हणून वेगळा धागा.

एक तर हा आगाऊपणा नाही, कायदा आहे. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला कौन्सिलपासून संसदेपर्यंत सगळीकडे मत आहे. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, दर महिन्याला माझ्या खात्यातून जातो. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे उद्या नोकरी गेली तरी टॅक्समध्ये कमी उत्पन्नाची सवलत मागायची सोय नाही. भरायचं पुरतं, मागायचं काही नाही, आणि वर तोंडही उघडायचं नाही?

आणि त्रास तरी किती? शाळेचा हॉल, रांग नाही. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. टेबलामागच्या आजींनी पट्टी ठेवून यादीत माझं नाव शोधलं, त्यावर रेघ मारली, मतपत्रिका फाडून दिली. आत दोरीला बांधलेली पेन्सिल. फुली मारा, घडी घाला, पेटीत टाका. त्याच दिवशी साउथ ऑक्सफर्डशायरमध्ये माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सनना ओळखपत्र विसरले म्हणून परत पाठवलं. ओळखपत्राचा कायदा त्यांच्याच सरकारचा, २०२२ चा! माझ्याकडे निदान पासपोर्ट होता.

निकाल सगळ्यांना कळलाच असेल: ५७ जागांपैकी लेबर पक्षाला ४१. गेल्या वर्षी वीस वर्षांनी सत्ता आली होती, ती आता पक्की झाली.

माझ्या कोल्हापुरात ७ तारखेला लोकसभेचं मतदान आहे. यादीत नाव असलं तरी इथून मत देता येत नाही, विमानाने जाऊनच बोटाला शाई लावून घ्यायची. म्हणजे ज्या गावाला मी माझं म्हणतो तिथे मत नाही आणि जिथे आहे तिथे देऊ नका म्हणता. मग द्यायचं कुठे?

दोन दिवसांचा पाहुणा

माझं वाक्य चौकटीत टांगल्याबद्दल आभार.

कायदा मला माहीत आहे. मी हक्काबद्दल बोलतच नव्हतो, अकलेबद्दल बोलत होतो. स्विंडनबद्दल मला काय ठाऊक आहे? मॅजिक राउंडअबाउट (पाच छोट्या वर्तुळांचा तो चौक) घाम न येता पार करता येतो, एवढंच. उमेदवाराचं पत्रक दारातून पडतं, त्यात तो खड्ड्याकडे बोट दाखवून उभा. त्यावरून मी ठरवू? खरं सांगा, आपल्यातले निम्मे लोक आडनाव बघून फुली मारतात की नाही? 'आपला' दिसला की झालं. असं मत देण्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

आणि सगळे एकाच माळेचे मणी. मार्च २०२३ मध्ये, विरोधात असताना, लेबरचे नेते स्टार्मर प्रचाराचा नारळ फोडायला स्विंडनलाच आले होते. कौन्सिल टॅक्स गोठवू म्हणाले. लेबर निवडून आलं आणि पुढच्याच बजेटला ४.९९ टक्के वाढ. घ्या.

वाटसरू

अर्धवट सांगू नका. ते केंद्रात सत्ता असती तर काय केलं असतं, याबद्दल होतं. तेल कंपन्यांवर कर लावून. कौन्सिलने स्वतःच्या खिशातून गोठवायची ती गोष्ट नव्हती. आणि ४.९९ च का, तर ५ टक्क्यांना हात लावला की सार्वमत घ्यावं लागतं. म्हणून दोन्ही पक्षांच्या कौन्सिली तिथेच येऊन थांबतात.

आडनाव बघून फुली मारणारे आहेत, कबूल. तसे कोल्हापुरातही आहेत. तिथे कुणाला घरी बसा म्हणालात का कधी?

खड्डेश्वर

४.९९ चं काय घेऊन बसलात! खरी चोरी पॅरिशची (कौन्सिलच्या खालच्या छोट्या स्थानिक कौन्सिलची) आहे आणि त्याबद्दल कुणी अक्षर काढत नाही. स्विंडनमध्ये २०१७ ला उरलासुरला भागही पॅरिशांमध्ये वाटून टाकला. गवत कापणं, खेळाची मैदानं, कचऱ्याचे डबे, सगळं त्यांच्या गळ्यात. वर मोठ्या कौन्सिलला जी टक्क्यांची मर्यादा आहे ती पॅरिशच्या करपट्टीला नाही! आपल्या बिलाच्या तळाशी ती ओळ बघा एकदा. मी दुसऱ्या गावात राहतो, नाव घेत नाही, पण आमच्याकडेही हाच खेळ. गेल्या पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात टायर फुटला. अर्ज केला, फोटो लावले, तर उत्तर: खड्डा आमच्या नोंदीत नव्हता, सबब भरपाई नाही. अहो, नोंदीत असता तर बुजवला नसता का?

रेडिंगचे आजोबा

पाहुण्यांशी शंभर टक्के सहमत. आम्ही सत्तरच्या दशकात आलो. थंडी, 'खोली भारतीयांना मिळणार नाही' हे तोंडावर ऐकणं, सगळं सोसून इथले झालो, मग बोलायला लागलो. आता विमानतळावरून उतरलेला पोरगा आठ दिवसांत सांगणार, रेडिंगची लायब्ररी चालू ठेवायची की नाही? इथे पाय रोवून राहणाऱ्यालाच मत हवं. पासपोर्ट घ्या, मग या.

अनुराधा_के

आजोबा, आदर ठेवून विचारते: तुम्ही पासपोर्ट घ्यायच्या आधी मत दिलं नव्हतं? कारण सत्तरच्या दशकातही राष्ट्रकुलातल्या माणसाला पहिल्या दिवसापासून मत होतं.

आणि पाहुणे, "बिन उचलली की झालं" हे वाक्य मला झोंबलं. मी घरोघरी जाऊन वृद्धांची काळजी घेण्याचं काम करते, व्हिसावरच. कौन्सिलचा सगळ्यात मोठा पैसा बिनवर नाही, म्हाताऱ्या-आजारी माणसांवर आणि मुलांच्या देखभालीवर जातो. ते दिसत नाही, म्हणून कुणी बोलत नाही. माझ्या एका आजींची (गाव सांगत नाही) सकाळची भेट अर्ध्या तासावरून पंधरा मिनिटांवर आणली. पंधरा मिनिटांत अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, टोस्ट करायचा, वहीत लिहायचं. त्या म्हणतात, चहा राहू दे गं, तू नुसती बस. बसायला वेळ कुठाय? हे असे निर्णय ज्या टेबलावर होतात, तिथे कोण बसणार ते ठरवायला मी मत देते. माझा व्हिसा किती वर्षांचा आहे याचा त्याच्याशी काय संबंध?

रेडिंगचे आजोबा

होतं मत. दिलंही होतं. लेबरला. तेव्हा सगळेच देत होते. पण तो काळ वेगळा होता.

अनुराधा_के

काळ नेहमी वेगळाच असतो, आजोबा.

स्लावकर

"कोण का येईना" म्हणणाऱ्यांनी आमच्या स्लावला यावं. जुलै २०२१ मध्ये कौन्सिलने सेक्शन ११४ काढलं, साध्या मराठीत दिवाळं. सरकारने वरून कमिशनर बसवले. २०२३ मध्ये टॅक्स ९.९९ टक्क्यांनी वाढवला, तोही सार्वमत न घेता, खास परवानगीने. इमारती विकायला काढल्या. भुर्दंड व्हिसावाल्यांनीही भरला, बरं का. पाहुणा म्हणून कुणी सूट दिली नाही.

पुणेरी_पाटी

दुरून वाचतोय. तुमच्याकडे दिवाळं निघालेल्या गावातसुद्धा मे २०२३ ला निवडणूक झाली. आमच्या पुणे महापालिकेची शेवटची २०१७ ला, २०२४ उजाडलं तरी पुढची नाही. मार्च २०२२ पासून प्रशासक. नगरसेवकच नाही, तर शिव्या कुणाला द्यायच्या हा मूलभूत प्रश्न आहे. आणि स्विंडनमध्ये चारपैकी तीन वर्षं मतदान. तरी लोक जात नाहीत. देवा!

बाकी ती दोरीची पेन्सिल वाचून गंमत वाटली. खोडता येत नाही का? आमच्याकडे मशीन आहे म्हणून...

वाटसरू

ईव्हीएम नको. हात जोडतो.

म्हापसेकर

स्विंडनच्या निवडणुकीवर एवढं लिहिलंत आणि आमचं नावसुद्धा नाही! हजारो गोंयकार आहोत रे या गावात. गोदामांत रात्रपाळीला जाऊन बघा, कोंकणी ऐकू येते. आमच्यातले बहुतेक पोर्तुगीज पासपोर्टवर. आता मजा ऐका. ७ मेपासून नियम बदलला, युरोपियनांना सरसकट मत राहिलं नाही. २०२० संपायच्या आधीपासून जे इथे आहेत ते, किंवा ज्यांच्या देशाशी करार आहे ते. पोर्तुगालशी २०१९ चा करार आहे म्हणून आमच्यातले नंतर आलेलेही वाचले. पण ते फक्त कौन्सिलपुरतं, संसदेला नाही. म्हणजे माझ्याच घरात वरच्या खोलीत राहणारा, गेल्या वर्षी आलेला नाशिकचा पोरगा पंतप्रधान सुनकला हटवायला मत देणार आणि मी २०१६ पासून इथे, मी बघत बसणार. कारण त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, जो मी सोडला!

पुणेरी_पाटी

सोडला ना? मग तक्रार कसली. देश सोडून युरोपात शिरायला मागचा दरवाजा शोधायचा आणि तो अर्धा बंद झाला की रडायचं.

म्हापसेकर

मागचा दरवाजा? माझे आजोबा १९६१ च्या डिसेंबरआधी जन्मले, पोर्तुगीज राजवटीत. ते त्यांनी अर्ज करून मागितलं नव्हतं. त्यांची जन्मनोंद तिकडे चढवली, मग वडिलांची, मग माझी. कायदा नातवंडांपर्यंत आहे, मी नातू. यात लपवाछपवी कुठे आली? रेडिंगच्या आजोबांनी ब्रिटिश पासपोर्ट घेतला तर ती प्रगती आणि मी पोर्तुगीज घेतला तर मागचा दरवाजा? त्यांना काही विचारलंत?

पुणेरी_पाटी

ते इथे राहून, इथल्या देशाचे झाले. तुम्ही लिस्बन बघितलंय का तरी?

म्हापसेकर

बघितलंय. पाऊस होता. तुम्ही बघितलंय का स्विंडनचं गोदाम पहाटे चारला? फ्लॅटचं गणित जमेना, म्हापशात घर बांधायचं तर जमिनीचा भाव दिल्लीवाले ठरवणार, तेव्हा देशप्रेम कुठल्या बँकेत भरायचं होतं ते सांगा. पासपोर्ट सोडतानाही सुख नाही. सरेंडर सर्टिफिकेटऐवजी रद्द केल्याचा कागद हातात दिला, आणि त्यावर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) मिळेना. आता एप्रिलमध्ये दिल्लीने म्हटलं की तोही कागद चालेल. निवडणूक तोंडावर आली की सगळं चालतं.

खड्डेश्वर

पासपोर्टचं चालू द्या, पण पॅरिशच्या करपट्टीवर अजून कुणीच उत्तर दिलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

रेडिंगचे आजोबा

माझं नाव मध्ये आलं म्हणून लिहितो. म्हापसेकर, मी पासपोर्ट घेतला तेव्हा मुंबईतल्या थोरल्या भावाने मला पत्र पाठवणं बंद केलं होतं. 'प्रगती' कुणी म्हटलं नाही. तुमचं म्हणणं मला कळतं. पुणेरी, सांभाळून बोला.

पण मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. निदान दोन वर्षं राहिल्याशिवाय मत नको. हे कुठल्याही देशात योग्यच.

वाटसरू

दोन वर्षांचं मला पटू शकतं, आजोबा. मग टॅक्सही दोन वर्षांनी सुरू करा, लगेच सही करतो. आणि एक राहिलं: आम्ही मत देऊ शकतो, पण उभे राहू शकत नाही. त्याला कायमचा राहण्याचा परवाना लागतो. म्हणजे पाय रोवायची अट आहेच, योग्य ठिकाणी आहे.

पुणेरी_पाटी

बरं, 'मागचा दरवाजा' मागे घेतो. 'बाजूचा' म्हणू.

१३ ला मत देऊन आलो. यादीत शेजारच्या वारलेल्या काकांचं नाव होतं, आमच्या हिचं नव्हतं. तेव्हा तुमच्या त्या पट्टीवाल्या आजींना इकडे पाठवता आलं तर बघा.

अनुराधा_के

आणि इकडे निवडणुकीच्या १२ कामकाजाच्या दिवस आधीपर्यंत ऑनलाइन नाव नोंदवता येतं. नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा, पाच मिनिटांचं काम. संसदेची निवडणूकही येणारच आहे. ज्यांचं नाव नाही त्यांनी आत्ताच उरकून घ्या, नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका. म्हापसेकर, तुमच्यासाठी वाईट वाटतं, खरंच.

म्हापसेकर

वाईट वाटून घेऊ नको बाय. वरच्या पोराला सांगितलंय, माझ्या वतीने नीट बघून फुली मार. तो म्हणतो, भाडं कमी करणार का?

दोन दिवसांचा पाहुणा

धागा माझ्या नावाने काढला आणि पोर्तुगालला पोचला. छान.

स्लावचा मुद्दा मान्य. अनुराधाताईंचाही मान्य, कारण त्यावर उत्तर सुचत नाहीये. वाटसरूंचा अजिबात मान्य नाही, ते उगाच चढ्या आवाजात लिहितात. यादीत नाव मात्र आजच घातलं, कारण घरासाठी कर्ज घ्यायचं आहे आणि मतदारयादीत नाव असलं की क्रेडिट स्कोअर सुधारतो असं ब्रोकर म्हणाला. लोकशाहीने यात श्रेय घेऊ नये.

वाटसरू

घर घेताय? आणि टोरांटो?

दोन दिवसांचा पाहुणा

टोरांटोत घरं इथल्याहून महाग आहेत. तुम्ही आपलं काम बघा.