मदत हवी आहे: मिस्टरांचं डायलिसिस सुरू आहे, कंपनी राजीनामा मागतेय. सही करावी का?

सिडको_पवननगर · ११ फेब्रुवारी २०२५, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसतं वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे मिस्टर नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात व्हीएमसी मशीनवर (धातू कापायचं कॉम्प्युटरवरचं मशीन) ऑपरेटर आहेत. पर्मनंट. जुलै २०१५ ला लागले, वय ४१. बीपी आधीपासून होतं, गोळी आठवण झाली तर घ्यायचे. दिवाळीनंतर पाय सुजायला लागले, जिना चढताना दम लागायला लागला. तपासलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. डिसेंबरपासून मंगळवार-शुक्रवार डायलिसिस चालू आहे. ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी विम्याचं) कार्ड असल्यामुळे सातपूरच्या हॉस्पिटलमधून चिठ्ठी घेऊन प्रायव्हेटला करतो, त्याचे पैसे पडत नाहीत. एवढं एक बरं आहे.

डाव्या हाताला फिस्टुला केलाय, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून आतल्या रक्तवाहिन्या जोडल्यात. त्यावर बोट ठेवलं की आत मोटार चालू असल्यासारखं थरथरतं. त्या हाताने वजन उचलायचं नाही, घड्याळसुद्धा बांधायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि ह्यांच्या मशीनवरचा जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, अठरा-वीस किलोचा, दोन्ही हातांनी उचलून मशीनच्या पकडीत बसवावा लागतो. सुपरवायझर भला माणूस, त्यांनी महिनाभर इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवलं. डायलिसिसच्या दिवशी खाडा. आतापर्यंत १७ खाडे झाले, सगळे बिनपगारी.

काल एचआरने केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला (ह्यांना दिवसाचं पाणी मोजून, तो चहा पण हिशोबात धरावा लागतो!) आणि टाईप केलेला कागद पुढे सरकवला. "प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वखुशीने राजीनामा देत आहे. कंपनीकडून सर्व देणी मिळून १,००,००० रुपये मिळाले, यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही." शुक्रवारपर्यंत सही करून द्या म्हणाले. वर असंही म्हणाले, की तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर एवढी मदत केली नसती.

नणंदेच्या मिस्टरांनी सांगितलं, अपंगत्वाचा दाखला काढा, मग कोणी हात लावू शकत नाही. म्हणून एका सरकारी दवाखान्यात गेलो. तीन तास उभं राहिल्यावर खिडकीतून उत्तर आलं, "किडनी यात बसत नाही." आठवड्यातून दोन दिवस मशीनला बांधलेला माणूस, एक हात वापरायची बंदी, आणि हे अपंगत्व नाही? मग अपंगत्व म्हणजे काय असतं?

पगार ग्रॉस १९,५००, त्यात बेसिक आणि डीए मिळून १४,३००. मी घरी ब्लाउज शिवते. मुलगा तिसरीत. सही करावी का? पेन्शन वगैरे काही मिळतं का? आज डायलिसिस होतं, हे झोपलेत. उद्या सकाळी त्यांना काय सांगू?

गोदाकाठ · १२ फेब्रुवारी, सकाळी ६.५५

ताई, अजिबात सही करू नका. २०१६ चा दिव्यांग कायदा आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढताच येत नाही. माझ्या चुलतभावाला झेडपीत असंच बसून काम दिलंय. कोर्टात खेचा.

सातपूरचा_फिटर · १२ फेब्रुवारी, सकाळी ८.२०

गोदाकाठ भाऊ, सल्ला मनापासून आहे पण निम्मा चुकीचा. चुलतभाऊ झेडपीत आहे, तिथेच फरक पडतो. त्या कायद्याचं कलम २०(४), म्हणजे अपंगत्व आलेल्याला काढू नका, पदावनत करू नका, हे सरकारी आस्थापनांना लागू आहे. ताईंचे मिस्टर खाजगी कारखान्यात. शिवाय त्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिलेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहे, पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. किडनी नाही. खिडकीतला माणूस तुसडा असेल, पण खोटं बोलला नाही.

ताई, मी २८ वर्षं सातपूरला काढली, त्यातली निम्मी युनियनच्या कमिटीत. असले टाईप केलेले कागद बरेच पाहिले. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: "अपंगत्व" हा शब्द प्रत्येक कायद्यात वेगळा आहे. दिव्यांगाच्या कायद्यात तुम्ही बसत नाही म्हणजे सगळीकडे बसत नाही असं नाही.

आधी ईएसआय. पगारातून महिन्याला १४७ रुपये कापतात ना, ते फक्त दवाखान्याचे नाहीत. आजारपणाच्या रजेचा भत्ता त्यातच आहे: सरासरी रोजाच्या ७० टक्के, सलग दोन लाभ कालावधींत (प्रत्येकी सहा महिने) मिळून ९१ दिवस. ह्यांचा रोज ३० दिवसांनी ६५० धरला तर ४५५ रुपये. १७ खाडे बिनपगारी गेले हे वाचून वाईट वाटलं. ईएसआयच्या डॉक्टरचं रजेचं सर्टिफिकेट घेतलं असतं तर त्यातले बहुतेक दिवस भरून आले असते. एचआरला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

आता खरी गोष्ट. ईएसआयकडे ३४ दीर्घ आजारांची यादी आहे आणि क्रॉनिक रिनल फेल्युअर, म्हणजे किडन्या कायमच्या निकामी होणं, त्यात आहे. ९१ दिवस संपले की वाढीव भत्ता सुरू होतो, ८० टक्के, म्हणजे रोजचे ५२०, आणि तो मेडिकल बोर्डाच्या मंजुरीने २ वर्षांपर्यंत जाऊ शकतो. अट अशी, की २ वर्षं सलग नोकरी आणि मागच्या चार अंशदान कालावधींत (वर्गणीचे सहा-सहा महिने) मिळून १५६ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. तुमची साडेनऊ वर्षं झाली, काळजी नाही. तेवढा काळ दवाखानाही चालू राहतो.

राजीनामा दिलात की हे सगळं हातचं जातं. फेब्रुवारीत नोकरी सोडली तर भरलेल्या वर्गणीवर दवाखाना फार तर डिसेंबरपर्यंत. त्यानंतर डायलिसिस कुठे करायचं? सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत होतं, पण ते पडलो तर उठायला. असलेलं सोडून तिकडे जायचं नसतं.

आणि तो एक लाख. "सर्व देणी मिळून" हे तीन शब्द परत वाचा. ग्रॅच्युइटी त्यातच घातली. १४,३०० भागिले २६ गुणिले १५, म्हणजे वर्षाला ८,२५०. जुलै २०१५ पासून ९ वर्षं ७ महिने झाले, सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात. १० वर्षांचे ८२,५०० तुमचे स्वतःचेच आहेत. कंपनीची "मदत" १७,५०० रुपये. त्यात शिल्लक रजेचे पैसे धरले तर काय उरतं तुम्हीच बघा.

ओझर_जत्रा · १२ फेब्रुवारी, सकाळी ९.०५

फिटर काका, हिशोब वाचून चहा सांडला.

एकेकाळचा_एचआर · १२ फेब्रुवारी, दुपारी १.३०

टेबलाच्या पलीकडे बसायचो, म्हणून लिहितो. असा कागद का पुढे करतात? कारण दुसरा रस्ता कंपनीला लांबचा पडतो. आजच्या (फेब्रुवारी २०२५ च्या) ईएसआय कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे आजारपणाचा भत्ता चालू असताना किंवा सर्टिफिकेटच्या रजेवर असताना कामगाराला काढता येत नाही. राजीनामा मात्र कधीही घेता येतो.

पण फिटर साहेबांनी एक बाजू सांगितली नाही. हे छत्र कायमचं नाही. ईएसआयच्या नियम ९८ मध्ये आहे, की सेवाशर्तींत तशी तरतूद असेल तर सलग ६ महिन्यांपेक्षा जास्त आजारपण झाल्यावर कंपनी रीतसर नोटीस देऊन कमी करू शकते (टीबी, कुष्ठरोग, कॅन्सर, मानसिक आजार यांना १८ महिने). आणि सततच्या आजारपणामुळे सेवा संपवली तर आजच्या (फेब्रुवारी २०२५ च्या) औद्योगिक विवाद कायद्यात ती "कपात" धरत नाहीत, म्हणजे वर्षाला १५ दिवसांची ती नुकसानभरपाई मागता येत नाही. तेव्हा कंपनीशी अबोला धरू नका. इन्स्पेक्शनच्या टेबलाची मागणी लेखी करा, पोच घ्या. टेबलावर बसून ह्यांनी महिनाभर काम केलंय हे तुमच्या बाजूचं सगळ्यात चांगलं कागदपत्र आहे.

पेन्शनचं विचारलंत. पीएफच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत कायमचं, पूर्ण अपंगत्व आलं तर १० वर्षांची अट नाही, एक महिन्याची वर्गणी पुरते. "आधी करत होता ते काम करता येत नाही" हा तिथला निकष, मेडिकल बोर्ड तपासतं, किमान पेन्शन १,००० रुपये. पण हे अपंगत्व नोकरीत असताना आलेलं असलं पाहिजे. राजीनाम्यानंतर अर्ज केलात तर पहिला प्रश्न तोच येईल. आत्ता लगेच अर्ज करा असं मी म्हणणार नाही, कारण एकदा "पूर्ण अक्षम" लिहून दिलं की टेबलावरचं काम मागायला तोंड राहत नाही. दोन्ही एकदम मागता येणार नाही.

मंगळ_गुरू_शनी · १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१०

ताई, माझं नाव म्हणजे माझे डायलिसिसचे वार. सहावं वर्ष. सिन्नरला कामाला आहे, अजून कामावर आहे.

मी पूर्ण रजा न टाकता फक्त डायलिसिसच्या दिवसांचं सर्टिफिकेट घ्यायचो. पहिल्या आजारपणाचे सुरुवातीचे दोन दिवस भत्ता नसतो, पण दोन आजारपणांत १५ दिवसांपेक्षा कमी अंतर असेल तर ते दोन दिवस परत कापत नाहीत. तुमचं तर दर तीन-चार दिवसांनी. असं केलं की ९१ दिवस बरेच पुरतात आणि हजेरीही लागत राहते. ज्या दिवशी कामावर गेलात किंवा पगारी रजा लावली त्या दिवसाचा भत्ता मिळत नाही, एवढं सांभाळा. हजेरीपत्रक आणि सर्टिफिकेट जुळलं नाही की क्लेम अडकतो.

बाकी, फिस्टुलाच्या हाताला कोणालाही बीपीचा पट्टा बांधू देऊ नका, सुई टोचू देऊ नका. कंपनीच्या मेडिकल चेकअपला हमखास डावा हात पुढे करायला सांगतात. थरथर रोज सकाळी बघायची. थांबली तर त्याच तासाला हॉस्पिटल.

सिडको_पवननगर · २१ फेब्रुवारी, रात्री १०.१५

सगळ्यांचे खूप आभार. सही केली नाही. शुक्रवारी हे डायलिसिसला होते, म्हणून मी आणि दीर अर्ज घेऊन गेटवर गेलो. इन्स्पेक्शनच्या कामाची मागणी आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब लेखी द्या, अशी दोन पत्रं. आवक खिडकीतल्या मुलाने पोचेचा शिक्का द्यायला नाही म्हटलं, म्हणून तिथूनच पोस्टात जाऊन रजिस्टर एडी केलं. सोमवारी एचआरने ह्यांना बोलावून विचारलं, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?" हे म्हणाले, बायकोने. एक लाखाचा विषय परत निघाला नाही. टेबलाचं "बघू" म्हणालेत. सध्या तिथेच बसतायत.

सातपूरला सर्टिफिकेट मिळालं, मंगळवार-शुक्रवारचं. बँकेचं पासबुक, आधार सगळं जोडलं. एक शंका आहे. डॉक्टरांनी आजाराच्या रकान्यात नुसतं "सीकेडी" (किडनीचा जुनाट आजार) लिहिलंय. फिटर काकांनी यादीतला शब्द वेगळा सांगितला होता. पुढे वाढीव भत्त्याच्या वेळी यावरून अडवतील का?

सातपूरचा_फिटर · २१ फेब्रुवारी, रात्री १०.५०

अडवू शकतात. सीकेडी पहिल्या स्टेजलाही असतो. पुढच्या सर्टिफिकेटला डॉक्टरांना विनंती करा, "क्रॉनिक रिनल फेल्युअर, डायलिसिसवर" असं पूर्ण लिहा म्हणून. डायलिसिसच्या प्रत्येक दिवसाच्या शीटची झेरॉक्स एका फाईलला लावत जा, तारखेनुसार. आणि दिराला सांगा, त्या मुलाने शिक्का दिला नाही, म्हणून पोस्टाची पावती हीच आपली पोच, ती फेकायची नाही. उन्हात राहिली तर तिच्यावरची शाई उडते, झेरॉक्स काढून ठेवा.