मदत हवी आहे: कंपाउंड मायक्रोस्कोप घेताना नक्की काय बघायचं?

मुलगी जीवशास्त्र शिकतेय, तिला घरी सरावासाठी मायक्रोस्कोप घ्यायचाय. जाहिरातीत '२००० पट' वाचून मी आधी भुललोच होतो. मग कळलं की १०० पटीच्या ऑइल भिंगाचं (स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून वापरायचं भिंग) एनए, म्हणजे बारीक तपशील वेगळे दाखवायची क्षमता सांगणारा आकडा, १.२५ असेल, तर साधारण १२५० पटीपुढे चित्र नुसतं फुगतं, नवं काही दिसत नाही.

एका ओळखीच्यांचा जुना आणून पाहिला. कांद्याची साल १० च्या भिंगाखाली झकास दिसली. ४० चं लावलं की सगळं धुरकट. कव्हरस्लिप (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) न लावता बघत होतो, हा गाढवपणा माझाच. पण लावल्यावरही फार फरक पडला नाही. कंडेन्सर (स्लाइडखालचा, प्रकाश एकवटणारा भाग) खाली घसरलेला असला तर असं होतं का, की भिंगावर जुनं तेल सुकलं असेल? ते पुसायचं कशाने?

नव्यात ४, १०, ४० पुरतील, की जिवाणू बघायला १०० हवंच? दोन डोळ्यांचा खरंच सुखाचा पडतो का? मेकॅनिकल स्टेज (स्लाइड स्क्रूने सरकवायची सोय) मात्र हवीच, बोटाने स्लाइड सरकवून वैताग आला. वापरणाऱ्यांनी सांगा.