‘लोगो बदला, विश्वास वाढेल’ या पोस्टला उत्तर

आकुर्डीकर
गेल्या आठवड्यात एका ब्रँड सल्लागाराची पोस्ट इथे बरीच फिरली. पुण्यातल्या जुन्या कारखानदारांना आणि दुकानदारांना ‘स्वतःची गोष्ट सांगता येत नाही’ म्हणून ते मागे पडतात, आणि बोधचिन्ह, रंग, वेष्टन बदलले की वर्षभरात ग्राहकाचा विश्वास वाढतो, असे तिचे सार होते. मी ३१ वर्षे गुणवत्ता विभागात काढली असल्यामुळे गप्प बसवत नाही.

आमचा कारखाना मोठ्या वाहन कंपन्यांना बुश (यंत्राच्या भागांत बसणाऱ्या धातूच्या पोकळ नळ्या) पुरवत असे. एकदा ऐन दिवाळीच्या आठवड्यात एक लॉट निघून गेला आणि मागे ठेवलेल्या नमुन्यांत नो-गो गेज, म्हणजे भोक योग्य मापाचे असेल तर आत जाऊच नये असे मोजमापाचे साधन, सरळ आत शिरू लागला. आमच्या साहेबांनी ट्रक ग्राहकाच्या फाटकाशी पोहोचण्याआधी स्वतः फोन केला आणि ‘माल उतरवून घेऊ नका, चूक आमची आहे’ असे सांगितले. आम्ही पाडव्याच्या दिवशी कामावर होतो, पण पुढच्या वर्षी त्याच ग्राहकाने आमची ऑर्डर वाढवली. कालांतराने नवे व्यवस्थापन आले, नवा लोगो आला, प्रत्येकाला त्या लोगोचा कॉफीचा मग मिळाला आणि त्याच महिन्यात अंतिम तपासणीवरची दोन माणसे कमी करण्यात आली. ब्रँड कशाला म्हणायचे, हे मला त्या मगाने पुरते शिकवले.

‘हमारा बजाज’ ही जाहिरात १९८९ सालची आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक बजाजच्या चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत होते. आधी गाडी, मग गाणे.

जाहिरातवाली, कोथरूड
आपला फोनचा प्रसंग खरोखर चांगला आहे, परंतु बजाजचे उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. लोक थांबत होते ते परवाना राजमुळे, कारण उत्पादन किती करायचे हे सरकार ठरवत असे. रांग म्हणजे प्रतिष्ठा असेल, तर रेशनचे दुकान हा देशातला सर्वांत मोठा ब्रँड मानावा लागेल. उलट जपानी तंत्राच्या मोटरसायकली दारात येऊन ठेपल्यावर त्या कंपनीला आपण कोण आहोत हे मोठ्याने सांगावे लागले. पुढे स्कूटर बंद झाली, तरी ‘चेतक’ हे नाव कित्येक वर्षे वस्तूविना लोकांच्या डोक्यात टिकले आणि २०२० साली विजेच्या गाडीवर लावून विकता आले. हे गेजने मोजता येते का?

किर्लोस्करांचा लोखंडी नांगर उत्तम होता, तरीही लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावेनात. गुणवत्ता आपोआप बोलत असती, तर १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढण्याची गरज पडली नसती. कारखान्याचे ते पत्रक पुढे मराठीतले नामांकित मासिक झाले. ‘गोष्ट सांगणे’ ही कालच्या सल्लागारांची चलाखी नाही.

छापखानेवाला
दोघेही मोठमोठ्या कंपन्यांबद्दल बोलत आहात. ब्रँड तयार होताना मी टेबलापलीकडून पाहिला आहे, तो मिठाईच्या खोक्यावर. नाव सांगणार नाही, पण पेठेतले एक दुकान दोन भावांत वाटले गेले आणि दोघांनीही तेच आडनाव, तोच पिवळा रंग ठेवून खोकी माझ्याकडेच टाकली. थोरल्याने नावाआधी ‘मूळ’ हा शब्द घालून घेतला. दसऱ्याला धाकटा आला आणि त्याने तोच शब्द दोन पॉइंट मोठा मागितला. मग आजोबांचा फोटो आला, दोघांकडे एकच. धाकट्याने आजोबांची पगडी रंगवून लाल करून आणली.

त्या दिवाळीत माझ्या माणसाने गठ्ठ्यांची अदलाबदल केली. काळ्या पगडीची दोनशे खोकी धाकट्याकडे गेली आणि लाल पगडीची थोरल्याकडे. सगळी खपली, एकही गिऱ्हाईक परत आले नाही. तक्रार फक्त भावांची आली आणि माझे बिल अजून अडकले आहे.

आकुर्डीकर
म्हणजे खोके कोणी पाहिलेच नाही. लोकांनी पेढा पाहिला. माझा मुद्दा सिद्ध झाला.

जाहिरातवाली, कोथरूड
म्हणजे आजोबा पुरेसे ठरले, पगडी कोणत्याही रंगाची असो. मुद्दा माझा सिद्ध झाला.

शनिवार पेठ
या निमित्ताने एक गोष्ट स्पष्टपणे बोलतो. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे दुकान चालवून जे नाव कमावले, ते चुलतभावाने उपनगरात पाटीवर लावले आणि खाली ‘आमची कुठेही शाखा नाही’ हेही आमचेच वाक्य लिहिले. त्याच्याकडचा खवट चिवडा खाऊन लोक आमच्या गल्ल्यावर भांडायला येतात. प्रतिष्ठा आमची आणि उधळण त्याची, हा कुठला न्याय आहे?

कलमबहाद्दर
व्यापारचिन्ह कायदा, १९९९ मधील कलम ३५ नुसार, प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने व्यवसाय करणाऱ्याला नोंदणीकृत चिन्हाचा मालक अडवू शकत नाही. आडनाव त्यांचेही आहे. मात्र आपला माल तुमचा म्हणून खपवण्याचा त्यांचा उद्देश सिद्ध करता आला, तर गोष्ट वेगळी. आपण नावाची नोंदणी केली आहे का?

शनिवार पेठ
सगळे पुणे ज्या नावाने ओळखते, त्याची नोंदणी कशाला करायची?

कलमबहाद्दर
झाले तर मग. चुलतभावाला दोष देऊ नका.

शनिवार पेठ
आपल्याला फी मिळते, म्हणून आपण शांतपणे बोलू शकता. माझ्या वडिलांनी तेल काळे झाले की कढई ओतून दिली, ती गटारात ओतली म्हणून दंडही भरला. ते कोणत्या कलमात नोंदवायचे?

छापखानेवाला
गटारात ओतायला नको होते, एवढेच म्हणतो.

जाहिरातवाली, कोथरूड
भांडण बाजूला ठेवून पाहा, शनिवार पेठ यांचे दुखणेच या चर्चेचे उत्तर आहे. कढई ओतली जात होती, हे गिऱ्हाइकाला कधी कळले का? कळले असते, तर त्याने चुलतभावाच्या चिवड्याला ओळखले असते.

आकुर्डीकर
आणि कढई ओतलीच नसती आणि नुसते सांगितले असते, तर? ऑक्टोबर २००३ मध्ये महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटात अळ्या सापडल्या. गोष्ट सांगण्याची ताकद त्या कंपनीकडे कमी नव्हती, तरीही आधी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवून भागले नाही. शेवटी वेष्टन बदलून हवाबंद करावे लागले.

जाहिरातवाली, कोथरूड
आणि ते बदलल्याचे सांगायला अमिताभ बच्चन लागले, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

आकुर्डीकर
गाळले, मान्य. पण क्रम लक्षात घ्या, आधी वेष्टन आणि मग बच्चन. आपल्या त्या सल्लागाराने हा क्रम उलटा लिहिला आहे आणि माझा राग तेवढ्यापुरताच आहे. आपल्यावर नव्हता, तरी आपण तो ओढवून घेतलात.

जाहिरातवाली, कोथरूड
सल्लागार माझ्या ओळखीचे आहेत, आणि क्रम उलटा आहे हे मी त्यांना खासगीत सांगितले होते. इथे कबूल करायची इच्छा नव्हती.

शनिवार पेठ
नोंदणीला खर्च किती येतो, ते कोणी सांगेल का? चुलतभावाने आधीच केलेली नसेल, असे गृहीत धरून विचारतो आहे.