4रनरला ट्रान्समिशन कूलर: कोणता, किती मोठा, कुठे जोडायचा?

टेक्सासकर
गाडी 2016 ची टोयोटा 4रनर, व्ही6, पाच गिअरची ऑटोमॅटिक. जुलैमध्ये मागे साधारण 3,500 पौंडांचा कॅम्पिंग ट्रेलर लावून डॅलसहून डेन्व्हर आणि पुढे आय-70 महामार्गाने कोलोरॅडोच्या डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्यापलीकडे जायचंय. गाडीला हवेवर चालणारा वेगळा कूलर नाही, गिअरबॉक्सचं ऑइल फक्त रेडिएटरच्या टाकीतून फिरतं. नळीचा कूलर घ्यावा की प्लेटचा? रेडिएटरच्या आधी लावू की नंतर? रेडिएटर पूर्ण वगळला तर? आणि या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही, मग ऑइलची पातळी कशी बघायची?

घाटवाट
खरेदीच्या आधी तापमान मोजा. ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) आणि फोनवरचं अ‍ॅप पुरेसं आहे. टोयोटात दोन आकडे दिसतात, एक टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि एक पॅनचा (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं). कन्व्हर्टरचा चढावर झपकन वर जातो आणि तसाच उतरतो, त्याला घाबरू नका. निर्णय पॅनवर घ्यायचा. 175 ते 200 फॅरनहाइट ठीक. 220 च्या वर बराच वेळ राहत असेल तर कूलर हवाच. 240 च्या पुढे ऑइल करपायला लागतं. डॅशबोर्डवरच्या दिव्याच्या भरवशावर राहू नका, तो पेटेपर्यंत ऑइलचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं.

उष्णता मुख्यतः कन्व्हर्टर लॉक नसताना, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडलेले नसताना, तयार होते. त्यामुळे ट्रेलर असताना डी सोडून एस4 मध्ये (चौथ्या गिअरपर्यंतच जाणारी स्थिती) चालवा. पाचवा गिअर टळतो, कन्व्हर्टर जास्त वेळ लॉक राहतो आणि चौथ्या-पाचव्यातली सारखी उठबस थांबते. याला एक पैसाही लागत नाही. बोगदा 11,000 फुटांवर आहे, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्के. म्हणजे तोच कूलर तिथे कमी उष्णता काढणार, तीही 7 टक्क्यांपर्यंतच्या चढावर. टेक्सासच्या सपाटीवरच्या आकड्यांवर माप ठरवू नका.

प्रकार: प्लेटवर प्लेट रचलेला घ्या. एकाच वळणदार नळीचा स्वस्त असतो, पण तेवढ्याच जागेत उष्णता कमी काढतो. खोक्यावरचे पौंडांचे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या हिशोबाने छापते, त्यापेक्षा जाळीचं माप बघा. तुमची भरलेली गाडी आणि ट्रेलर मिळून 9,000 पौंडांच्या आसपास जाईल. त्याला साधारण 11 इंच रुंद, 6 ते 8 इंच उंच, पाऊण इंच जाड जाळी योग्य. उगाच त्याहून मोठी लावून एसीचा अख्खा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) झाकू नका.

क्रम: गिअरबॉक्स, मग रेडिएटर, मग नवा कूलर, मग परत गिअरबॉक्स. परतीची लाइन ओळखायला रेडिएटरच्या टाकीवरचा एक होज काढा, दोन्ही तोंडांखाली बाटल्या धरा आणि इंजिन एक-दोन सेकंद चालू करा. ऑइल रेडिएटरच्या तोंडातून आलं तर ती परतीची लाइन. होजमधून आलं तर ती येणारी. अंदाजाने जोडू नका.

मिस्त्री_पुणेकर
वरच्यात भर. यातली निम्मी गळती होजची असते. साधा पेट्रोलचा होज वापरू नका, होजवर एसएई जे1532 (गिअरबॉक्स ऑइल कूलरच्या होजचं मानक) छापलेलं असलं पाहिजे. स्क्रूची कापरी क्लिप होजमध्ये घुसते, गोल कडेची इंजेक्शन क्लिप किंवा स्प्रिंगची घ्या. लोखंडी लाइन कापलीत तर टोकाचा फुगवटा जातो आणि दाबाखाली होज निसटतो, म्हणून शक्यतो न कापता मूळ तोंडावरच चढवा. कापावीच लागली तर फ्लेअरिंग टूलने नवा फुगवटा काढा. फिटिंगच्या आट्यांना टेफ्लॉन टेप नको, तिचे धागे व्हॉल्व्ह बॉडीत (गिअर बदलण्यासाठी ऑइल वळवणारा भाग) जाऊन बसतात. ऑइलला चालणारं द्रव सीलंट लावा, आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे आहेत हे लक्षात ठेवून आवळा.

कंडेन्सरच्या जाळीतून ओवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या पॅकेटात येतात, त्या सरळ कचऱ्यात. थरथरीने जाळी घासली जाते आणि एसीचा गॅस जातो. बोनटच्या कुलपाच्या उभ्या पट्टीला ब्रॅकेट करून बसवा, तोंडं वर किंवा बाजूला. खाली ठेवलीत तर वर हवा अडकते.

डेन्व्हर_दत्ता
रेडिएटर वगळायच्या मताचा मी नाही. लोक वगळतात ते गुलाबी मिल्कशेकच्या भीतीने, म्हणजे टाकीतला कूलर आतून फुटून कूलंट आणि ऑइल एक होणं. 2005 ते 2010 मधल्या निसान पाथफाइंडर, एक्सटेरा, फ्रंटियरवर ती भीती रास्त होती. तुमच्या गाडीवर रेडिएटर जुना किंवा गळका नसेल तर ठेवा. तो इथल्या थंडीत ऑइल लवकर गरमही करतो, आणि गार ऑइलवर कन्व्हर्टर लॉक व्हायला उशीर होतो. वगळायचाच असेल तर मोठी जाळी आणि 180 फॅरनहाइटच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (ऑइल तापल्यावरच ते कूलरकडे सोडणारा), दोन्ही हवेत.

टेक्सासकर
मग रेडिएटर ठेवतो. ऑइलची पातळी?

घाटवाट
याच पायरीवर जास्त गिअरबॉक्स बिघडतात. कूलर आणि होज मिळून साधारण अर्धा ते एक लिटर ऑइल आणखी लागतं. टोयोटाचं डब्ल्यूएस ऑइलच वापरा, त्यांचं जुनं टी-आयव्ही नाही. बाजूचा भरायचा नट आधी उघडून पाहा, तो गंजून अडकला असेल तर पुढचं काम सुरूच करू नका.

हातपंपाने ऑइल घाला. गाडी चारही चाकांवर सपाट हवी, फक्त पुढून जॅकवर उचललेली नको. इंजिन चालू, ब्रेक दाबून पी पासून शेवटपर्यंत प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबत परत पी. ऑइल साधारण 115 ते 130 फॅरनहाइट असताना पॅनखालचा ओव्हरफ्लो नट उघडा. धार येऊन थेंबांवर आली की बरोबर. काहीच आलं नाही तर अजून घाला. ऑइल जास्त तापल्यावर तपासलंत तर ते फुगलेलं असतं, गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतं आणि गार झाल्यावर पातळी कमी भरते. ओव्हरफ्लो नटाचं वॉशर नवं टाका.

मिस्त्री_पुणेकर
शंभरेक मैल चालवल्यावर गार गाडीत क्लिपा पुन्हा आवळा. आणि ट्रेलरशिवायचे पॅनचे आकडे आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर घाटात 215 दिसलं तर ते जास्त की नेहमीचं, कळणार नाही.