मदत हवी आहे: सौरवाऱ्याच्या आलेखात ऑक्सिजन कसा ओळखायचा?

शंकेखोर:
आदित्य-एल१ यानावरच्या 'स्विस'चा (सूर्याकडून वाहत येणारे भारित कण, म्हणजे सौरवारा, मोजणारं उपकरण) ऊर्जा/भार (ऊर्जा भागिले विद्युतभार) आलेख काढलाय. वेग ४०० किमी/से. प्रोटॉनचं शिखर ०.८ किलोव्होल्टपाशी, अल्फाचं (हेलियमचं केंद्रक) १.७ पाशी, आणि अल्फाच्या उतारावर २.२ ला किंचित फुगवटा. हा ऑक्सिजन ६+ (सहा इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन) धरू का? ऑक्सिजन ७+ आणि ६+ चं गुणोत्तर काढायचंय.

भारवाहक:
धरू नका. गणित जुळतं, तिथंच फसगत होते. सगळे आयन एकाच वेगाने आले तर ऊर्जा/भार हा वस्तुमान/भाराच्या पटीत वाढतो: प्रोटॉन ०.८३, अल्फा १.६७, ऑक्सिजन ६+ (१६/६ = २.६७) २.२३. पण ४६२ किमी/से वेगाचा अल्फाही बरोबर २.२३ लाच पडतो. अल्फांच्या औष्णिक पसाऱ्यात (उष्णतेमुळे वेगांत पडणाऱ्या फरकात) ६० किमी/से सहज मावतात. शिवाय जलद वाऱ्यात ते प्रोटॉनच्या पुढे पळतात. शंभरेक अल्फांमागे ऑक्सिजन एखादाच, तो त्या शेपटात बुडणारच. स्विस प्रोटॉन आणि अल्फांसाठी आहे, तेवढंच त्याच्याकडून घ्या.

तुम्हाला हवाय तो नासाच्या एस (ACE) यानावरचा 'स्विक्स' (नावांचा घोळ आहे खरा). त्यात प्रत्येक आयनाची तीन मापं होतात. आधी वक्र पट्ट्यांमधून ऊर्जा/भार. मग हजारो व्होल्टांचा धक्का देऊन आयन कार्बनच्या पातळ फॉइलमधून जातो. तिथे उडालेले इलेक्ट्रॉन घड्याळ सुरू करतात, पलीकडच्या डिटेक्टरवरचे थांबवतात. शेवटी डिटेक्टर उरलेली ऊर्जा मोजतो. समजा धक्का २५ किलोव्होल्ट आणि अंतर १० सेमी: ऑक्सिजन ६+ ला ७१ नॅनोसेकंद, कार्बन ५+ ला ६८. फॉइलमध्ये ऊर्जा घटते आणि विखुरते, म्हणून प्रत्यक्ष शिखरं जाड असतात, एकमेकांत घुसतात.

शंकेखोर:
मग ऊर्जा मोजायची गरज काय? वेळेवरून वस्तुमान/भार कळलाच की.

भारवाहक:
कार्बन ६+ आणि अल्फा, दोघांचं वस्तुमान/भार २. वेळही जवळपास तीच. फरक फक्त ऊर्जेत: वरच्याच आकड्यांनी अल्फा ५३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, कार्बन १६०. लोहाच्या बाबतीत मात्र डिटेक्टर खऱ्या ऊर्जेपेक्षा कमीच दाखवतो. ती दुरुस्ती विसरलात तर वस्तुमान हलकं येईल.

शंकेखोर:
स्विक्सची २०१० ते २०१३ ची फाइल जोडली, ऑगस्ट २०११ ला गुणोत्तरात पायरी दिसते. सूर्यावर काही झालं का?

खगोलखटपट्या:
सूर्य निर्दोष आहे. २३ ऑगस्ट २०११ ला किरणोत्सर्ग आणि वयोमानामुळे उपकरणात बिघाड झाला, कामाची स्थितीच बदलली. पुढचा डेटा वेगळ्या पद्धतीने काढून वेगळा दिलाय. दोन्ही एका आलेखात सलग जोडू नका, कल वेगवेगळा काढा. आणि सरासरी घेताना गुणोत्तरांची थेट घेऊ नका: ६+ चे काउंट्स (नोंदलेले कण) कमी असलेल्या तासांत गुणोत्तर उगाच फुगतं. आधी दोन्ही घनता बेरजेत घ्या, मग भागाकार. गुणवत्तेच्या ध्वजाने (फाइलमधली खूण) खराब ठरवलेल्या नोंदी आणि माप नसलेल्या रिकाम्या जागी भरलेले ऋण आकडे त्याआधीच गाळा.