मदत हवी आहे: लडलोमध्ये आई-बाबांसोबत आठवडाभर राहायचंय, कुठलं घर घ्यावं?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे रेडिंगला येतायत. लंडन मागच्या खेपेला झालंय आणि "आता ते मेणाचे पुतळे नकोत" असं बाबांनी फोनवरच बजावलंय. जन्मभर गडकिल्ले पालथे घातलेला माणूस. त्यामुळे श्रॉपशायरमधलं लडलो मनात भरलंय. वेल्सच्या सीमेवरचा नॉर्मन किल्ला, खाली टीम नदी, लोकरीच्या व्यापारावर गबर झालेलं गाव आणि किल्ल्याच्या दारातच भरणारा बाजार. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर १५०२ साली याच किल्ल्यात वारला, हे बाबांना सांगितलं तर त्यांनी वंशावळच काढायला घेतली. आईला किल्ल्यात रस नाही, तिला बाजार हवा आणि स्वयंपाकघर हवं. हॉटेलात आठवडाभर टोस्ट खाणार नाही म्हणाली.

दोन घरं बघून ठेवलीयेत.

पहिलं लोअर ब्रॉड स्ट्रीटवर, वेशीच्या बाहेर, पुलाकडे उतरताना. लाकडी चौकटीचं, लिस्टेड (म्हणजे जुनी वास्तू म्हणून कायद्याने जपलेलं), बाबा फोटो बघूनच खूश. पण जिन्याचा फोटो मोठा करून बघितला तर कठडा नाही, भिंतीला कड्या मारून जाड दोर ओवलाय. झोपायच्या खोल्या वर आणि बाथरूम खाली, स्वयंपाकघराच्या पलीकडे. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

दुसरं कॅसल स्क्वेअरच्या मागे, तळमजल्यावरचा फ्लॅट. स्वच्छ, उजेड भरपूर, अगदी साधा. बाबांचं मत: "मग रेडिंग काय वाईट आहे?"

भाडं जवळपास सारखंच. दोन्हीकडे शुक्रवार ते शुक्रवारच देतात. आम्ही दुसऱ्या शुक्रवारपासून घ्यायचं म्हणतोय. तिथे कोणी राहून आलंय का? गाडी न्यावी की रेल्वेने जावं? आणि स्वयंपाकाचं कसं जमवता?

आडवाटेचा_गडी
डोळे मिटून दुसरं घ्या. प्रश्न नुसत्या जिन्याचा नाही. ब्रॉड स्ट्रीट दिसायला अतिशय देखणा, पण चांगला उतार आहे. वेशीखालून पुलापर्यंत सुखाने उतराल, बाजार, किल्ला आणि चर्च मात्र सगळं वर. दूध आणायचं तरी चढ. आईंना दिवसातून एकदा जमेल, दोनदा नाही. वरचा चौक सपाट आहे आणि बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार भरतो, म्हणजे आई पिशवी घेऊन एकट्यासुद्धा जाऊन येतील.

बाबांची समजूत अशी काढा: राहायला जुनं घर नसलं तरी गावात पाचशेच्या आसपास लिस्टेड इमारती आहेत. १६१९ चं फेदर्स हॉटेल बाहेरून बघितलं की नक्षीकामाची हौस फिटेल.

मिडलँड्सची_सून
ताई, तारखा बघ आधी! सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवार ते रविवारी तिथे फूड फेस्टिव्हल असतो, १९९५ पासून चालू आहे आणि भरतो किल्ल्याच्या आवारातच. आईंना मजा येईल, पण बाबांना तटबंदी निवांत बघायची असेल तर चीजच्या स्टॉलांमधून वाट काढावी लागेल. त्या दिवसांत गाडी लावायला जागाही मिळत नाही. यंदाच्या तारखा बघून एक आठवडा मागेपुढे कर. शाळा सुरू झालेल्या असतात, भाडंही ऑगस्टपेक्षा उतरतं.

स्वयंपाकाचं म्हणशील तर मालकाला दोन गोष्टी विचार: हॉब (शेगडी) कुठला आहे आणि धूर बाहेर फेकणारा पंखा आहे का. इंडक्शन असेल तर आईंचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही, बुडाला चुंबक चिकटतं का ते घरीच बघून स्टीलचा ने. जुन्या घरांत छत इतकं खाली असतं की मिरची-हिंगाची फोडणी पडली की स्मोक अलार्म बोंबलतो. आम्ही फोडणीआधी मागचं दार उघडून एकाला टॉवेल हलवायला उभं करतो. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला रेडिंगहूनच भरून ने. बाकी भाजी-दुधाला स्टेशनजवळ टेस्को आहे.

शेवग्याची_शेंग
रेल्वे सोपी आहे. रेडिंगहून न्यूपोर्ट, तिथे गाडी बदलून हेरफर्डमार्गे लडलो. एकदाच बदल. आई-बाबा साठीच्या पुढचे असतील तर सीनियर रेलकार्ड काढा, पासपोर्टवर मिळतं, तिकीट एक तृतीयांशाने कमी होतं. एक स्टेशन पुढे क्रेव्हन आर्म्सला उतरलं की स्टोकसे कॅसल आहे. तेराव्या शतकातल्या लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधलेला तटबंदीचा वाडा. मला तर तो लडलोच्या किल्ल्यापेक्षा आवडला. स्टेशनवरून चालावं लागतं, आईंसाठी टॅक्सी आधी सांगून ठेवा.

आडवाटेचा_गडी
रेल्वेच्या बाजूने मीही, पण एक दिवस तरी गाडी हवी. वेल्शपूलजवळचा पोविस कॅसल तासाभराहून थोडा लांब आहे. रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाचं, एडवर्डचं, लग्न त्या किल्ल्याच्या मालकांच्या घराण्यात झालं आणि तो मद्रासचा गव्हर्नर असतानाच १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं. टिपूचा तंबू आणि त्याच्या सिंहासनावरचं वाघाचं एक मुंडकं तिथे ठेवलंय. लडलोचा किल्लासुद्धा १८११ मध्ये याच एडवर्ड क्लाइव्हने विकत घेतला. बाबांना हे तिकडे गेल्यावरच सांगा, नाहीतर आठवडाभर पोविसलाच राहायचं म्हणतील.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार! यंदाच्या तारखा बघितल्या, आमचा आठवडा बरोब्बर फेस्टिव्हलवरच येत होता. आता पहिल्या शुक्रवारपासून घेतोय आणि फेस्टिव्हलच्या पहिल्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी दहाला किल्ली देऊन निघतोय, म्हणजे आईला जाता जाता चव घेता येईल. फ्लॅटच्या मालकाशी बोलले, हॉब गॅसचा आहे, बाथरूममध्ये पायरी नाही. गाडीसाठी स्वतःची जागा मात्र नाही, सामान उतरवून पार्किंगला न्यायची. त्यामुळे जाताना रेल्वे आणि पोविससाठी एक दिवस भाड्याची गाडी, असं डोक्यात आहे. ती लडलोतच मिळेल की हेरफर्ड किंवा श्रूजबरीहून घ्यावी लागेल? कुणी अलीकडे घेतली असेल तर सांगा.