गाडीच्या नंबरवरून मालकाचं नाव-पत्ता मिळतो का? अ‍ॅपवर नुसत्या फुल्या दिसतायत

चिंचवडचा_बंड्या:
मंडळी जरा मदत हवीय. परवा संध्याकाळी भाजी घ्यायला गेलो, गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावलेली, परत येतो तर मागचा बंपर फुटलेला आणि डिकीचं दार आत गेलेलं. शेजारच्या नारळवाल्याने सांगितलं की पांढरी एर्टिगा रिव्हर्स घेताना ठोकून गेली, आणि त्या भल्या माणसाने नंबरचा फोटोही काढून ठेवला होता. म्हणजे नंबर आहे पण माणूस नाही. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाकला तर मॉडेल, सीएनजी आहे की पेट्रोल, इन्शुरन्स कधीपर्यंत, आरटीओ कुठलं सगळं येतंय, फक्त मालकाच्या नावात एक अक्षर, मग फुल्या, मग परत एक अक्षर. पूर्वी तर पूर्ण नाव यायचं ना? गॅरेजवाला २२ हजार सांगतोय. मला भांडायचं नाहीये हो, पत्ता मिळाला तर घरी जाऊन शांतपणे बोलेन. व्हॉट्सअ‍ॅपवर एकजण ५०० रुपयात फुल डिटेल्स देतो म्हणतोय, घेऊ का?

जुनी_चेतक:
त्या ५०० वाल्याच्या नादी लागू नका. एक तर पैसे घेऊन ब्लॉक करेल, नाहीतर जे देईल ते कुठूनतरी चोरलेलं असेल आणि उद्या तुम्हीच अडकाल. पूर्वी पूर्ण नाव यायचं हे खरंय, 'वाहन' या सरकारी गाडी-नोंदणीला एसएमएस केला की मालकाचं नाव हजर. गंमत बघा, २०१९ मध्ये सरकारनेच बल्क डेटा पॉलिसी काढली होती, कंपन्यांनी वर्षाला ३ कोटी भरायचे आणि वाहन-सारथीचा, म्हणजे गाड्यांच्या आणि लायसन्सच्या नोंदींचा, डेटा घ्यायचा. गडकरींनी राज्यसभेत सांगितलं होतं की ८७ खासगी कंपन्यांना अ‍ॅक्सेस दिला आणि ६५ कोटी मिळाले. जून २०२० मध्ये प्रायव्हसीचं कारण देऊन ती पॉलिसी गुंडाळली. पण एकदा गेलेला डेटा काय परत येतो का, त्यामुळे तुमच्याआमच्यासाठी फुल्या आणि इन्शुरन्स रिन्यूवलचे फोन मात्र अचूक तारखेला.

स्कूटीवाली:
फुल्या आहेत तेच बरं आहे. नाव उघड दिसायचं त्या काळात मला सिग्नलला एक बाइकवाला बघत होता, काही बोलला नाही, रात्री फेसबुकवर त्याची रिक्वेस्ट, सोबत मेसेज "ग्रे अ‍ॅक्टिव्हा छान आहे". माझं आडनाव जरा वेगळं आहे म्हणून शोधायला सोपं गेलं असणार. बाबांनी नंतर सहा महिने गाडी चालवू दिली नाही, म्हणजे शिक्षा मलाच. आणि बंड्यादादा राग मानू नका पण "शांतपणे बोलेन" असं प्रत्येकच जण म्हणतो, समोरचा दार उघडून काय बोलेल ते कुठे माहितीये.

कोर्टकचेरी:
बंड्याभाऊ, तुम्हाला नाव मिळू शकतं, फक्त रस्ता वेगळा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १६० वाचा. अपघातामुळे भरपाई मिळायला हवी असा ज्याचा दावा आहे त्याने मागितलं तर आरटीओने किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने फी घेऊन गाडीचे तपशील आणि त्या वेळी गाडी वापरणाऱ्याचं नाव-पत्ता, जे त्यांच्याकडे असेल ते, द्यायचं आहे. तुमची विमा कंपनीसुद्धा मागू शकते. आरटीआयच्या भानगडीत पडू नका, वैयक्तिक माहिती म्हणून त्या कायद्याचं कलम ८(१)(जे) दाखवून परत पाठवतील. आधी ठाण्यात जाऊन तक्रार द्या, ते एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्हा म्हणून नोंदवतील, नारळवाल्याचं नाव साक्षीदार म्हणून घाला, फोटो द्या. मग पोलीस कलम १३३ खाली मालकाला विचारू शकतात की त्या दिवशी गाडी कोणाच्या हातात होती, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. खरा मुद्दा हाच आहे, तुम्हाला मालक नकोय, चालवणारा हवाय. एर्टिगा आहे म्हणजे भाड्याने फिरणारीही असू शकते.

दोनदा_विकलेली_पल्सर:
वरच्याला +१. मी बाइक विकली, घेणाऱ्याने "आठवड्यात नावावर करतो साहेब" म्हटलं, मी २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि विसरलो. वर्षभर चलनं माझ्या मोबाईलवर, एक तर ट्रिपल सीट, तिघांचेही चेहरे मी कधी पाहिलेले नाहीत. विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला विकणाऱ्यानेही कळवायचं असतं हे मला नंतर कळलं. २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार निकाल आहे, गाडी हातोहात विकत गेली होती तरी भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या पहिल्यावरच टाकली. तेव्हा फुल्यांमागचं नाव कळलं तरी तो माणूस माझ्यासारखा बापडा निघू शकतो.

लीड्सकर_पंत:
इकडे इंग्लंडमध्ये तर कागदावरच लिहिलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. व्ही५सी लॉगबुक म्हणजे इकडची आरसी, त्यावर नाव "रजिस्टर्ड कीपर"चं, म्हणजे गाडी सांभाळणाऱ्याचं, मालक वेगळा असू शकतो, कंपनीची गाडी असली की तसंच असतं. नंबर टाकून टॅक्स, एमओटी म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, रंग सगळं फुकट बघता येतं, नाव नाही. नाव हवं तर डीव्हीएलएला, म्हणजे इकडच्या आरटीओला, व्ही८८८ फॉर्म भरायचा, कारण लिहायचं, अडीच पौंड द्यायचे. कोणी ठोकून पळालं हे कारण चालतं. पण लोक चिडतात ते वेगळ्याच गोष्टीवर, खासगी पार्किंगवाल्या कंपन्या तेवढेच अडीच पौंड भरून ऑनलाइन नावं काढतात आणि घरी दंडाची चिठ्ठी पाठवतात. मला सुपरमार्केटमध्ये बारा मिनिटं जास्त थांबलो म्हणून आली होती, बायकोला श्रीखंडासाठी दही कुठलं घ्यावं ते ठरत नव्हतं.

स्कूटीवाली:
@पंत मग शेवटी दही कुठलं घेतलं 😀

चिंचवडचा_बंड्या:
सगळ्यांचे आभार, ५०० वाल्याला ब्लॉक केलं. ठाण्यात गेलो, एनसी झाली, हवालदारांनी समोरच फोन लावला. आरसीवरचं नाव सांगलीच्या एका रिटायर्ड शिक्षकांचं निघालं, त्यांनी गाडी दीड वर्षापूर्वी एका एजंटला विकलीय आणि ती कोणाकडे आहे त्यांनाच माहीत नाही. बिचारे मलाच विचारत होते की नंबरवरून नाव कसं शोधायचं. त्यांना हा धागा पाठवलाय. @कोर्टकचेरी आता एजंटचा शोध चालू आहे, तोवर माझ्याच विम्यातून ओन डॅमेज क्लेम करू का? एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियमवरची सूट ५० टक्के आहे, ती जाईल म्हणून जीव वर-खाली होतोय. बंपर सध्या नारळाच्या काथ्याने बांधलाय, तोही त्याच नारळवाल्याने दिला.